धुळीचा गोळा होतो, धोंडा होत नाही

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

मागच्या अंकात एका वाचकाने विचारलं होतं की सगळे ग्रह सूर्याभोवती एकाच दिशेने का फिरतात. उत्तरात मी लिहिलं होतं की सूर्य जन्मला तेव्हा त्याच्याभोवती वायू आणि धुळीची एक फिरती तबकडी होती, आणि ग्रह त्या तबकडीतच तयार झाले, म्हणून दिशा एकच. त्यावर आलेली पत्रं आणि व्हॉट्सॲपवरचे निरोप बघता हा अंक धुळीलाच द्यावा लागणार. आंब्यावरच्या तुडतुड्यांचे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकलते. तुडतुडे काही कुठे पळून जात नाहीत.

प्रश्न: बाई, माझं हर्णै बंदरात बोटींच्या इंजिनांचं काम आहे. तुम्ही लिहिलंत धुळीतून ग्रह झाले. माझ्या धंद्यात दोन वस्तू एकमेकांवर आदळल्या तर चेपतात, नाहीतर तुटतात. चिकटलेल्या कधी बघितल्या नाहीत. दगडांचंही तेच. मग धुळीचे खडे, खड्यांचे धोंडे, धोंड्यांचे ग्रह असं चढत चढत झालं तरी कसं?
— एक वाचक, हर्णै, ता. दापोली

उत्तर: तुम्ही नेमकं दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. पुस्तकांत ‘धूळ एकत्र आली, तिचे गोळे झाले, गोळ्यांचे ग्रह झाले’ अशी एक ओळ असते आणि तिथेच विषय संपतो. वर्गात ती ओळ वाचून झाली की मागच्या बाकावरचं एखादं पोर हमखास तुमचाच प्रश्न विचारायचं, आणि ते पोर बरोबर असायचं. ग्रहांच्या गोष्टीत अवघड भाग सुरुवातीलाच आहे. शंभर किलोमीटरचा गोळा एकदा हाताशी आला की पुढचं काम त्याचं गुरुत्वाकर्षण करतं. तिथवर पोचायचं कसं, ही खरी अडचण.

पहिल्या पायरीला धूळ खरोखर चिकटते, हे आधी मान्य करा. तबकडीतली धूळ म्हणजे सिलिकेटचे, लोखंडाचे, कार्बनचे आणि सूर्यापासून लांब गेलं की बर्फाचे कण, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे किंवा त्याहून बारीक. इतक्या बारीक कणांना ना डिंक लागतो ना पाणी. दोन कण टेकले की त्यांच्या पृष्ठभागांवरचे रेणू एकमेकांना धरून ठेवतात. व्हॅन डर वाल्स बल म्हणतात त्याला. हे बल दुबळंच, पण कणाचं वजन त्याहून नगण्य, आणि ते एकमेकांना भेटतात तेही सेकंदाला मिलिमीटर-सेंटिमीटरच्या वेगाने. १९९८ साली डिस्कव्हरी शटलमधून कोडॅग नावाचा एक प्रयोग अवकाशात नेला होता. वजनरहित अवस्थेत काचेसारख्या सिलिकाचे अगदी बारीक कण वायूत सोडले, तर ते बघता बघता एकमेकांना लागले आणि लांबट, विरळ, फांद्या फुटलेले पुंजके तयार झाले. इथवर पुस्तकातली ओळ बरोबर आहे.

पुंजके मोठे होत जातात तसा त्यांचा एकमेकांशी भेटण्याचा वेग वाढतो. आदळून ते दाबले जातात, आतली पोकळी कमी होते, अंग घट्ट होतं. मिलिमीटर-सेंटिमीटरच्या घरात आले की ते चिकटायचे थांबतात आणि टणकन उडून बाजूला होतात. जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या युर्गेन ब्लूम यांच्या गटाने वर्षानुवर्षं धुळीचे असे गोळे एकमेकांवर आदळवून बघितले आहेत. ब्रेमेनच्या उंच मनोऱ्यातून उपकरण खाली सोडलं की ४.७ सेकंदांपुरती वजनरहित अवस्था मिळते. एवढ्या वेळात जे काय घडेल ते कॅमेऱ्यात धरायचं. त्यातून दिसलं ते असं: वेग सेकंदाला एक मीटरच्या आसपास गेला, म्हणजे आपण बाजारात चालतो त्या वेगाला, की धुळीचे गोळे फुटतात. तुमच्या वर्कशॉपमधला अनुभव तिकडेही खरा ठरला.

बरं, आदळून फुटण्याइतका वेग येतो कुठून? सगळे एकाच दिशेने फिरतायत ना? इथे वायू मध्ये येतो. तबकडीत वजनाने ९९ टक्के वायू आणि जेमतेम एक टक्का धूळ. वायूला स्वतःचा दाब असतो. आत सूर्याकडे दाब जास्त, बाहेर कमी, त्यामुळे वायू थोडा बाहेर ढकलला जातो आणि त्याला सूर्याभोवती जरा सावकाश फिरूनही भागतं. घन वस्तूला हा आधार नाही. तिला पूर्ण वेगानेच फिरावं लागतं. पृथ्वीच्या अंतरावर हा पूर्ण वेग सेकंदाला ३० किलोमीटर, आणि वायू त्याहून साधारण ५० मीटरने मागे. म्हणजे तिथल्या प्रत्येक धोंड्याच्या तोंडावर कायम ताशी १८० किलोमीटरचा वारा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं तेव्हा वारा ताशी ११० ते १२० होता आणि दापोलीच्या नारळी-पोफळींचं काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. तबकडीतला वायू आपल्या हवेपेक्षा सुमारे दहा लाख पटींनी विरळ असतो, म्हणून एका दिवसात काही बिघडत नाही. पण तो वारा थांबतच नाही. धोंड्याचा वेग हळूहळू खातो, आणि वेग गेला की धोंडा सूर्याकडे सरकतो.

हे सगळ्यांना सारखं भोवत नाही. किनाऱ्यावर लाट परतते तेव्हा इल्मेनाइटची जड काळी रेती जागच्या जागी राहते आणि हलकी रेती पाण्यामागे धावते, तशी इथेही निवड होते. अगदी बारीक धूळ वायूच्या कडेवरच असते, तिला वारा लागतच नाही. किलोमीटरभराच्या डोंगराला वारा जाणवत नाही. मार खातात मधले. स्टुअर्ट वायडेनशिलिंग यांनी १९७७ मध्ये हिशोब मांडला: पृथ्वीच्या अंतरावर मीटरभराचा धोंडा शंभरेक वर्षांत सूर्यात जाऊन पडतो. शंभर वर्षं म्हणजे ग्रहांच्या कारभारात डोळ्याची पापणी लवते तेवढा वेळ.

गुरुत्वाकर्षणाने हे धोंडे एकमेकांना धरतील अशी आशाही नको. मीटरभर त्रिज्येच्या दगडावरून सुटायला किती वेग लागतो? सेकंदाला दीड मिलिमीटरहूनही कमी. मुंगीनेसुद्धा त्याच्यावरून जरा जोरात पाऊल टाकलं तर ती परत यायची नाही. शंभर किलोमीटर व्यासाच्या गोळ्यावर हाच आकडा सेकंदाला ६० मीटरच्या आसपास जातो. मग त्याच्यावर आपटलेल्या दगडाचे तुकडे झाले तरी बहुतेक तुकडे तिथेच राहतात.

तेव्हा मधली अवस्था अशी: चिकटायला मोठे, ओढून घ्यायला लहान, आणि शंभर वर्षांत सूर्यात जाणार. खगोलशास्त्रात याला ‘मीटरचा अडथळा’ असंच नाव पडलं.

सुटका मिळाली ती वेगळ्या बाजूने. एकेकटा खडा मोठा होत जायला हवा, हा आग्रहच सोडून दिला. खडे खडेच राहू देत, नाचणीच्या दाण्यापासून सुपारीपर्यंत, फक्त ते एका जागी भरपूर जमले पाहिजेत. पुरेसे जमले की त्या सगळ्या थव्याचं मिळून गुरुत्वाकर्षण काम करू लागतं आणि थवा आपल्याच वजनाने आत कोसळतो. खड्यांपासून एकदम शेकडो किलोमीटरचा गोळा. मीटरभराची पायरी चढायचीच नाही.

जमतात कसे, तर वाऱ्यामुळेच. ज्याने वाट लावली तोच इथे उपयोगी पडतो. दोन रस्ते आहेत. पहिला फ्रेड व्हिपल यांनी १९७२ मध्ये दाखवला. तबकडीत एखाद्या कड्यावर, म्हणजे सूर्याभोवतीच्या बांगडीसारख्या गोल पट्ट्यावर, वायूचा दाब आजूबाजूपेक्षा जास्त असेल तर त्या कड्याच्या बाहेरच्या अंगाला खड्यांना समोरून वारा लागतो आणि ते आत सरकतात. आतल्या अंगाला उलटं होतं. तिथे वायूच खड्यांपेक्षा पुढे धावत असतो, पाठीमागून ढकलतो आणि खडे बाहेर सरकतात. दोन्हीकडून येणारे माथ्यावर येऊन थांबतात.

दुसरा रस्ता अँड्र्यू यूडिन आणि जेरेमी गुडमन यांनी २००५ मध्ये गणिताने काढला. स्ट्रीमिंग इन्स्टॅबिलिटी म्हणतात त्याला, आणि मला विचाराल तर या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच. वायू खड्यांना मागे ओढतो, हे वर आलंच. पण ओढाओढ दोन्हीकडून असते. खडेही वायूला पुढे ओढतात. एकटा खडा कितीसा ओढणार! पण योगायोगाने एके ठिकाणी थोडे जास्त खडे आले तर तिथला वायू त्यांच्याबरोबर जरा वेगाने फिरू लागतो. मग त्या जागेपुरता समोरचा वारा कमी होतो, आणि ते खडे सूर्याकडे सरकायचे मंदावतात. बाहेरून एकटेदुकटे खडे आपल्या चालीने येतच असतात, ते या जमावाला गाठतात आणि त्यातच अडकतात. जमाव वाढला की वारा आणखी कमी, चाल आणखी मंद, मागून येणारे आणखी जास्त. २००७ मध्ये अँडर्स योहान्सन आणि सहकाऱ्यांनी संगणकावर हे चालवून बघितलं, तर सूर्याभोवतीच्या मोजक्या फेऱ्यांतच बटुग्रहांच्या वजनाचे पुंजके तयार झाले. मोजक्या फेऱ्या म्हणजे मोजकी वर्षं. लाखो वर्षांची गरजच नाही.

अट एकच. तबकडीच्या मध्यपातळीत खड्यांचं वजन वायूच्या बरोबरीला यायला हवं. एक टक्क्यावरून तिथवर जायचं तर खडे आधी खाली बसलेले हवेत आणि शक्यतो व्हिपल यांच्या एखाद्या कड्यात गोळा झालेले हवेत. म्हणून हे दोन्ही रस्ते एकमेकांना मिळतात.

पुरावा विचाराल, कारण इंजिनवाला माणूस गणितावर कशाला विश्वास ठेवेल! १ जानेवारी २०१९ ला न्यू होरायझन्स हे यान प्लूटोच्याही पलीकडे अॅरोकॉथ नावाच्या वस्तूजवळून गेलं. ही वस्तू सुमारे ३५ किलोमीटर लांब, दोन गोळे एकमेकांना टेकलेले. जोडाच्या जागी ना मोठी चेपण, ना भेगांचं जाळं. दोन्ही गोळे चालत्या माणसाच्या वेगाने किंवा त्याहून हळू भेटले असले पाहिजेत. लांबून येऊन धडकलेल्या वस्तूंची भेट अशी होत नाही. कोसळणाऱ्या एकाच थव्यातून जन्मलेल्या जोडीची होते. ती जागा इतकी निवांत आहे की तेव्हापासून तिला फारसं कोणी त्रास दिलेला नाही.

प्रश्न: साडेचारशे कोटी वर्षांपूर्वीच्या गोष्टी तुम्ही शेजारच्या घरातल्या भांडणासारख्या सांगता. पाहायला कोण होतं? मी तीस वर्षं कोर्टात कारकुनी केली. साक्षीदाराशिवाय केस उभी राहत नाही.
— एक सेवानिवृत्त वाचक, रत्नागिरी

उत्तर: साहेब, आपल्या सूर्याच्या बाबतीत साक्षीदार नाही, कबूल. पण दुसऱ्या ताऱ्यांभोवती तोच प्रकार आज चालू आहे आणि त्याचे फोटो आहेत. पंचनामा घ्या.

चिलीच्या अटाकामा वाळवंटात ५००० मीटर उंचीवर आल्मा नावाची दुर्बीण आहे. ६६ अँटेना मिळून एक दुर्बीण. ती साधारण मिलिमीटरभर लांबीच्या रेडिओ लहरी टिपते. त्या आकाराच्या लहरी सर्वांत चांगल्या कोण सोडतं, तर मिलिमीटरभराचेच खडे. म्हणजे ज्यांचा खटला चालू आहे नेमके तेच आरोपी या दुर्बिणीला दिसतात. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिने टिपलेलं एचएल टॉरी या ताऱ्याचं चित्र प्रसिद्ध झालं. तारा ४५० प्रकाशवर्षांवर, वय फार तर दहा लाख वर्षं. इतक्या कोवळ्या ताऱ्याभोवती सपाट, एकसारखी तबकडी असेल अशी अपेक्षा होती. निघाली ती कड्यांवर कडी. तेजस्वी कडं, मग अंधारी फट, मग कडं. २०१८ मध्ये जवळच्या वीस तबकड्या अशाच बारकाईने बघितल्या गेल्या; त्यांतही कडी आणि फटी नेहमीच्याच निघाल्या. त्याआधी २०१३ मध्ये भुजंगधारी तारकासमूहातल्या आयआरएस ४८ या ताऱ्याभोवती सगळे खडे एकाच बाजूला ढिगासारखे साचलेले दिसले होते. व्हिपल यांनी सांगितलेला सापळा, खडे पकडल्या अवस्थेत.

फटी ग्रहांनी पाडल्या की आधी कडी झाली आणि मग त्यांत ग्रह होणार, यावर दोन पक्ष आहेत. सगळ्या फटी ग्रहांच्या नावावर टाकण्याची घाई मला पटत नाही. पण एका ठिकाणी तर ग्रहच सापडलेत. पीडीएस ७० नावाच्या, ३७० प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याच्या तबकडीतल्या मोठ्या फटीत २०१८ मध्ये एक आणि २०१९ मध्ये दुसरा ग्रह दिसला, आणि दुसऱ्याभोवती त्याची स्वतःची छोटी तबकडीही आहे.

तुम्हाला घटनास्थळ पाहायचं असेल तर रत्नागिरीकर नशीबवान आहेत. एचएल टॉरी आकाशात रोहिणीपासून अवघ्या दोनेक अंशांवर आहे. रत्नागिरी सतरा अंश अक्षांशावर आणि रोहिणीही साडेसोळा अंश उत्तरेला, त्यामुळे जानेवारीच्या मध्याला रात्री साडेनऊच्या सुमारास रोहिणी थेट तुमच्या डोक्यावर येते. तांबूस तारा, चुकायचा नाही. एचएल टॉरी डोळ्यांना किंवा छोट्या दुर्बिणीला दिसणार नाही, जागा तेवढी बघून घ्यायची. (मे अखेरीला रोहिणी लागते आणि आपण भाताची धूळवाफ पेरणी करतो, तेव्हा शोधू नका. नक्षत्र ‘लागतं’ म्हणजेच सूर्य त्याच्यापाशी गेलेला असतो.) तिथून पूर्वेला मृग. त्याच्या बाणाच्या दक्षिणेला जो धुरकट ठिपका दिसतो, त्यात हबल दुर्बिणीने १९९० च्या दशकात नवजात ताऱ्यांभोवतीच्या काळ्या तबकड्या उजळ वायूच्या पार्श्वभूमीवर स्पष्ट टिपल्या.

आणि साध्या डोळ्यांनी धूळच बघायची असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये अमावास्येच्या आसपास सूर्यास्तानंतर तास-सव्वा तासाने काळोख्या किनाऱ्यावर जा. समोर एलईडीवाल्या बोटी नसल्या तर पश्चिमेला क्षितिजापासून वर निमुळता होत गेलेला फिकट उजेड दिसतो. ग्रहांच्या दरम्यानच्या धुळीवर पडलेला तो सूर्यप्रकाश. मात्र ही धूळ जुनी नाही. धूमकेतू आणि लघुग्रह ती सतत नव्याने सोडत असतात. मूळच्या खटल्यात तिला साक्षीला बोलावता येणार नाही.

प्रश्न: बाई, मला आमच्या कातळावर काळा दगड गावला. खूप जड आहे. लोहचुंबक थोडासा चिकटता. माझे मित्र म्हणतत उल्का. फोटो पाठवलाय. लाखभर रुपये मिळतील काय?
— इयत्ता नववी, देवगड

उत्तर: लाखाचं स्वप्न आधी बाजूला ठेव रे बाळा. तुझ्या फोटोत दगडाला बुडबुड्यांसारखी भोकं दिसतायत. उल्कापाषाणात अशी भोकं जवळपास नसतातच. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात, लोहाराच्या भट्टीतल्या मळीत आणि जांभ्यात असतात. घरी लादीचा तुकडा असेल तर त्याच्या मागच्या खरखरीत बाजूवर दगड घास. तांबडी रेघ उठली तर तो लोहयुक्त जांभ्यातला खडा. उल्कापाषाण सहसा रेघ ओढत नाही, आणि नुकता पडलेला असेल तर त्याच्यावर हवेत जळून झालेली पातळ काळी साल असते.

पण तू विचारलंस ते बरं झालं, कारण वरच्या दोन पत्रांतल्या खड्यांना हात लावायचा असेल तर उल्कापाषाणच लागतो. २८ जानेवारी १९७६ ला गुजरातेत धजाळा इथे दगड पडले, त्यांचा अभ्यास अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने केला. असा दगड कापून घासला की आत खसखशीएवढे गोल दाणे दिसतात, एकमेकांना खेटून. त्यांना कॉन्ड्रूल म्हणतात. हे कधीतरी वितळलेले थेंब आहेत. दीड हजार अंशांच्या आसपास तापले आणि काही तासांत थिजले. तबकडीच्या वायूत तरंगणारे मिलिमीटरभराचे खडे ते हेच, जसेच्या तसे. कशाने वितळले यावर शास्त्रज्ञांची अजून भांडणं चालू आहेत. त्यांच्या शेजारी काही दगडांत पांढुरके ठिपके सापडतात, कॅल्शियम आणि अॅल्युमिनियमचे. ते सर्वांत जुने, ४५६ कोटी ७० लाख वर्षांचे. सूर्यमालेचं वय म्हणून आपण पाठ करतो तो आकडा त्या ठिपक्यांचा. बहुतेक कॉन्ड्रूल त्यांच्याहून दहा ते तीस लाख वर्षांनी धाकटे.

महाराष्ट्रात २२ मे २०१२ ला नागपूरजवळ काटोलला दगड पडले होते. तेही याच जातीचे, पण ते ज्या मोठ्या गोळ्याचे तुकडे, तो आतून नंतर तापल्यामुळे त्यांतले दाणे पुसट झालेत. तुला खरोखर काळी साल असलेला, भोकं नसलेला, चुंबकाला ओढणारा दगड गावला तर धुऊ नको, हातोडी मारू नको. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवायला शाळेतल्या सरांना सांग. आणि कातळावर फिरताना पायाखाली बघ, फुरसं असतं.

प्रश्न: माझा नातू विचारतो, आधी गुरू जन्मला की आधी पृथ्वी? मी म्हटलं, मोठा तो थोरला. बरोबर ना?
— एक आजी, गुहागर

उत्तर: काकू, अगदी बरोबर, आणि कारण बर्फ. सूर्यापासून पृथ्वीच्या साधारण तिप्पट अंतरापलीकडे तबकडी इतकी थंड होती की पाण्याची वाफ थिजून बर्फाचे कण होत. तिथे खड्यांना कच्चा माल जास्त. त्यात आणखी एक गंमत: शे-पाचशे किलोमीटरचं ग्रहबीज तयार झालं की वायूचा तोच वारा त्याच्याजवळून जाणाऱ्या खड्यांचा वेग मारतो, आणि एरवी निसटून गेले असते ते खडे त्याच्या पदरात पडतात. हे ओर्मेल आणि क्लार यांनी २०१० मध्ये आणि लाम्ब्रेख्ट्स आणि योहान्सन यांनी २०१२ मध्ये दाखवलं. असं भराभर वाढलं तरच गुरूला वायू ओढून घ्यायला वेळ मिळतो, कारण तबकडीतला वायू काही दशलक्ष वर्षांतच निघून जातो. २०१७ मध्ये उल्कापाषाणांतल्या धातूंच्या समस्थानिकांवरून निष्कर्ष निघाला की गुरूचा गाभा पहिल्या दहा लाख वर्षांतच वीसेक पृथ्व्यांच्या वजनाचा झाला होता. आपली पृथ्वी पुरी व्हायला त्यानंतर कोट्यवधी वर्षं लागली. धाकटीचे लाड जास्त वेळ चालायचेच.

प्रश्न: मी राजापूर तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे. धूळ गोंदाशिवाय चिकटते हे मुलांना दाखवता येईल का? खर्च शून्य असावा.
— एक शिक्षक

उत्तर: सर, अवकाशात असता तर मिठाची पिशवी पुरली असती. २००३ मध्ये अंतराळवीर डॉन पेटिट यांनी अंतराळ स्थानकावर प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशवीत मीठ घालून हलवलं, मग साखर घालून बघितलं. सुट्टे दाणे काही सेकंदांतच गोळा होऊन पुंजके झाले. तिथे काम केलं ते मुख्यतः घासून आलेल्या विद्युतभाराने. खाली आपल्याकडे वजन आड येतं, तेव्हा असं करा.

खिडकीच्या काचेचा एक तुकडा घ्या, कडा घासलेल्या. एका बाजूला कोरडी वाळू पसरा, दुसऱ्या बाजूला रांगोळी, सुती कापडातून गाळलेली, जितकी बारीक तितकी बरी. काच हळूच उलटी करा. वाळू सगळी खाली, रांगोळीचा मोठा थर पडेल पण एक पातळ पांढरा थर काचेला धरून राहील. टिचकी मारा, तरी थोडी राहते. मुलांना विचारा, वाळू का पडली? कण दहापट रुंद झाला की वजन हजारपट होतं, चिकटण्याचं बळ मात्र दहापटच वाढतं. एवढं फळ्यावर लिहून दिलंत की हर्णैच्या वाचकांचा अर्धा प्रश्न पाचवीतली पोरंसुद्धा सोडवतील.

फक्त हा प्रयोग जून ते ऑक्टोबर करू नका. आपल्या दमट हवेत वाळूही काचेला चिकटते आणि पोरं भलतंच शिकून घरी जातात. डिसेंबरची कोरडी दुपार धरा, पंखा बंद ठेवा, आणि ज्याला सर्दी झाली असेल त्याला काच धरायला देऊ नका.